मोरचुदाचा थेंब

हाडांच्या पट्ट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मी ॲसिडच्या खोलीत होते. इतकी वर्षं झाली, तो वास अजून नाकातून गेलेला नाही. मोडलेल्या मांडीत, नडगीत बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या आम्ही ॲसिडात बुडवून, धुऊन द्यायचो. त्याने स्टीलवर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि माणसाच्या अंगात पट्टी गंजत नाही. खोलीची मुख्य माझी थोरली नणंद. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायची. मला नोकरी तिनेच लावली, आणि दिवसातून दहा वेळा ते ऐकवायचीही.

"आधी माझ्या भावाच्या गळ्यात पडलीस, आता माझ्या," म्हणायची. बायका खिदळायच्या. मीही हसायचे, आतून दात खात.

एका सकाळी धुतलेल्या पट्ट्यांवर पाण्याचे पांढरे डाग राहिले. ते नायलॉनच्या ब्रशनेच काढायचे, हे मला तिनेच शिकवलेलं. घाईत तिने तारेचा ब्रश घेतला. तारेचं लोखंड पट्टीला चिकटतं आणि पुढे तिथूनच गंज धरतो. मी दारातून पाहिलं. "वन्सं, ब्रश चुकला," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी तोंड मिटून घेतलं. तपासणी माझ्याकडे होती, आणि दुपारी साहेब यायचे होते.

साहेबांसमोर मी पट्टीवर मोरचुदाच्या पाण्याचा निळा थेंब टाकला. सहा मिनिटांनी पुसला. खाली तांबूस ठिपका, म्हणजे पट्टीवर लोखंड चिकटलेलं. दुसऱ्या पट्टीवरही तेच.

"पाणी जुनं असेल," नणंद म्हणाली.

"सकाळीच केलंय, वन्सं."

"हात धुतले होतेस का नीट?"

"ब्रश कुठला घेतलात ते सांगा ना साहेबांना."

तिचा चेहरा उतरला. साहेबांनी खोलीची किल्ली तिच्याकडून घेतली आणि माझ्या हातात दिली. सगळा माल परत ॲसिडात गेला.

जिन्यात तिने मला गाठलं. "सकाळी दारात तूच होतीस ना?"

"होते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा साहेब नव्हते."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पट्ट्या नापास केल्यास ते योग्यच केलंस. पण यापुढे मला वन्सं म्हणायचं नाही."

पुन्हा कधी म्हटलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं एका घरात काढली आम्ही. तिला बोलवायचं असलं की मी भांडं आपटायचे.