पाण्यापुरतीच झाडं

राजोडीला आमच्या शेजारी सरोजिनीकाकूंची वाडी आहे. केळी परवडेनाशी झाली तेव्हा त्यांनी हौसेने पामतेलाची झाडं लावली. जुने आंबे आणि माड तोडायचे नाहीत, रिकाम्या तुकड्यातच लावायचं, एवढं मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं. चौथ्या वर्षी घड धरले आणि काकू अख्ख्या आळीला ते दाखवत सुटल्या.

त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खारट लागू लागलं. समुद्र जवळ, त्यामुळे उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. पामाला पाणी फार लागतं, पण काकूंना सांगायचं कसं, म्हणून आम्ही गप्प बसलो. एकदा त्या आमच्याकडे पाणी प्यायल्या आणि पेला अर्धाच ठेवून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निम्मी झाडं तोडायला काढली.

"अगं, घड धरलेत!" काकूंचे यजमान जयवंतकाका कळवळले.

"आपल्या घडांपायी शेजाऱ्यांनी खारं पाणी का प्यावं?" काकू म्हणाल्या.

उरलेल्या झाडांना त्यांनी ठिबक बसवलं, बुंध्याशी झावळ्या अंथरल्या. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी पुन्हा गोडं झालं. काकूंचा माल मात्र थोडा, आणि तेल काढणारी गिरणी लांब. तेवढ्यासाठी टेम्पो येईना. मग सगळ्यांचा मिळून टेम्पो भरावा म्हणून आम्ही शेजाऱ्यांनीही आपापल्या विहिरीच्या पाण्याचा अंदाज घेऊन थोडी थोडी झाडं लावली. रोपं आणायला काकू स्वतः आमच्याबरोबर आल्या.