मनगटावरचा सांधा

शिल्पकार बाईनं सुईच्या टोकावर शेवटचा पांढरा केस घेतला आणि पुतळ्याच्या भुवईत रोवला. सिलिकॉनच्या कातडीनं तो अलगद धरला.

"बोलवा काकूंना."

आई बाहेर बसली होती, समोरच्या चहाला हात न लावता. मुलगा तिला हाताला धरून कारखान्यात घेऊन आला. वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. हा पुतळा आता घरी, त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहणार होता.

"बघ, आत्ता 'चहा कुठाय' म्हणतील!"

आई हसली नाही. तिनं काचेचे डोळे पाहिले, कानावरचे केस पाहिले. मग नजर खाली उतरली. दुमडलेली बाही, कातडीखालच्या निळसर शिरा, उघडं मनगट. मागे सरत सरत ती भिंतीला टेकली. तिचा हात आपसूक कान झाकायला वर गेला.

"अगं, चावतात का ते?" मुलगा म्हणाला.

"घड्याळ कुठाय यांचं?"

"माझ्या खिशात. सगळ्यात शेवटी घालायचंय ते."

शिल्पकार बाईनं समजावलं, "हात वेगळा ओतलाय, काकू. मनगटाशी सांधा आहे, पट्टा त्यावरच येतो."

"बाहेर कधी काढत नसत," आई तिलाच म्हणाली, हळू आवाजात. "घरी काढायचे. आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. नीट, काच वर करून. मग..."

मुलाला मोबाइलमध्ये एकदम काहीतरी सापडलं. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, पट्टा निघता ठेवा हं. लग्नाकार्यात मी घालीन म्हणतो."

आईनं मुलाच्या मनगटाकडे पाहिलं.

"नाही जमायचं," शिल्पकार बाई म्हणाली. सांधा तिनं कालच इतका बेमालूम भरला होता, की पट्ट्याची गरजच उरली नव्हती. "निघालं तर भेग दिसेल. चिकटवावंच लागणार."

मुलगा कुरकुरला, पण खिशातून घड्याळ काढून दिलं त्यानं. तिनं पट्टा बांधला, बकलात आणि पट्ट्याखाली गोंद भरला आणि तो धरेपर्यंत अंगठ्यानं दाबून ठेवलं.

"या काकू. ओढून बघा."

आईनं आधी एका बोटानं ओढलं. मग दोन बोटांनी. मग असा हिसका दिला की अख्खा पुतळा डुलला. पट्टा हलला नाही.

"मघाशी बाहेर चहा आणला होतात ना?" ती म्हणाली. "गार असला तरी चालेल."

आणि स्टूल ओढून, पुतळ्याकडे पाठ करून बसली.