वरच्या मजल्याची चार युनिटं

"घर मी घेतलंय," मीटरवाले बंद दाराला म्हणाले.

"मग बाहेर का उभे? दार नुसतं लोटलंय. या."

भर दुपारी आत मिट्ट काळोख. मीटरवाले उंबऱ्यातच अडखळले.

"दिवा लावा जरा."

"बटण तुमच्या उजव्या हाताला. बल्ब चालतो की गेलाय, ते तुम्हीच सांगा. मला कळायचा मार्ग नाही."

बल्ब चालत होता. खुर्चीत एक काटकुळी म्हातारी स्वेटर विणत बसली होती. तोंड त्यांच्याकडे, नजर मात्र त्यांच्या खांद्यापलीकडे. मीटरवाल्यांनी कपाळावर हात मारला. दयेने नव्हे, हिशोब चुकला म्हणून.

एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे वीजमीटर वाचले होते. आत पाऊल न टाकता घर ओळखायचं, ही त्यांची ऐट. आकडा फुगला की पाहुणे मुक्कामाला, आकडा बसला की घरातलं कुणीतरी कमी झालं. हे दुमजली घर घेतानाही त्यांनी जिन्याखालचे दोन मीटर तेवढे चष्मा चढवून पाहिले. खालचा इस्त्रीवाला रग्गड वीज जाळत होता. तो राहू दे, भाडं येईल. वरच्या खोलीची महिन्याला चार युनिटं. म्हणजे कुलूप! नावापुरता भाडेकरू, सांगितलं की चंबूगबाळं उचलेल. दलालानेही दुजोरा दिला, "वरच्या बाईंचा आवाजसुद्धा नसतो." निवृत्तीची सगळी पुंजी ओतून मीटरवाले मालक झाले.

"वर जाऊन पाहिलंत का?" बायकोने विचारलं होतं.

"मीटर पाहिला ना!"

आता मुलाच्या घरातली दोघांची खोली एक तारखेला रिकामी करायची होती. सुनेची आई कायमची राहायला येणार होती. सून रोज लाडीगोडीने विचारी, "मग, सामान कधी हलवताय?"

"बाई, महिनाअखेर खोली सोडा," मीटरवाले म्हणाले.

"का?"

"मला राहायचंय."

"मलाही." सुया थांबल्या नाहीत. "मी टेलिफोन ऑपरेटर होते. कुणाला जोडायचं आणि कुणाला तोडायचं, चांगलं कळतं मला. खरेदीखतात 'भाडेकरूंसह' लिहिलंय ना? खाली सही कुणाची?"

"मला कायदा शिकवू नका! वकिलाचं पत्र आणून वाचून दाखवीन."

"दाखवा की. येताना वर्तमानपत्रही आणा. वाचून दाखवणारं माणूस हल्ली मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवाल्यांनी वरच्या खोलीचा फ्यूज काढून खिशात टाकला. आंधळ्या बाईला अंधाराचा धाक! पण बिल थकवणारे भले भले त्यांनी याच उपायाने वठणीवर येताना पाहिले होते, आणि हाताला दुसरा उपाय ठाऊक नव्हता. इस्त्रीवाल्याच्या बाकावर ते ठाण मांडून बसले. वीज गेली की माणूस पाव तासात खाली येतो, हा अनुभव. तीन दिवस बसले. वर पावलं वाजायची, भांडी वाजायची. खाली कुणी आलं नाही.

"काका, कुणाची वाट बघताय?" इस्त्रीवाल्याने अखेर विचारलं.

"ती ओरडत कशी नाही?"

"वीज गेल्याचं तिला सांगायला नको का कुणी? मी तर नाही सांगणार बुवा. फुकटचा तमाशा चाललाय, मी कशाला मोडू?"

नेमकी तेव्हाच बायको डबा घेऊन आली. इस्त्रीवाल्याने तिला सगळं मीठमसाला लावून सांगितलं. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, डबा बाकावर आदळला आणि जिना चढून गेली. अर्ध्या तासाने वरून हसणं ऐकू आलं. मीटरवाल्यांचा डबा तसाच राहिला.

बायको खाली आली. "खोली पाहिली. चांगली ऐसपैस आहे."

"जाते का ती?"

"नाही. आपण येतोय. मध्ये पडदा टाकायचा. पडद्याअलीकडची बाजू आपली. त्या बाजूचं निम्मं भाडं आपण भरायचं."

"कुणाला? मालक मी आहे!"

"मीही तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, मालकांनी ते स्वतःलाच द्यावं, मी पावती मागणार नाही. विजेचं बिल मात्र सगळं तुमचं."

"जीव गेला तरी येणार नाही!"

"मग एक तारखेपासून विहीणबाईंच्या पायाशी झोपा. मी चालले इथं."

एक तारखेला मीटरवाल्यांनी फ्यूज जागेवर बसवला आणि लोखंडी पेटी धापा टाकत वर आणली. ऑपरेटरबाईंनी 'या' म्हटलं नाही. भिंतीला हात लावत त्या पुढे आल्या आणि पेटीवर नडगी आपटून थांबल्या.

"ही इथं राहणार?"

"माझं घर आहे. कुठंही ठेवीन."

"ठेवा. पण एकदाच काय ते ठेवा."

पेटीचा कोपरा त्यांनी दोनदा चाचपला. तिथून दारापर्यंत पावलं मोजली, दारापासून परत मोजली आणि मग पडद्यापलीकडे गेल्या.

दुपारी बायकोने केर काढला आणि पेटी ओढून खिडकीखाली नेली. "इथं बरी दिसते. उघडली की उजेड येतो."

मीटरवाले उठले. पेटी ओढत त्यांनी पुन्हा भिंतीशी आणली. वाकून दारापासूनचं अंतर वितीने मोजलं आणि ती चार बोटं सरकवून पहिल्याच जागेवर आणली.

"अहो, तिथं अंधार आहे," बायको म्हणाली.

"असू दे," ते पडद्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले. "मोजलंय तिनं."