आईच्या खोलीतला एसी

सासूबाई जाऊन काही महिने झाले होते, पण त्यांच्या खोलीतला एसी लावला की अजून त्यांच्या बामचा वास यायचा. नुसता वास असता तर सुनेने कानाडोळा केला असता. पण एसीतून पाणीही टपकायचं, तेही नेमकं त्यांच्या उशीच्या जागी. आणि तिचा नवरा त्या ओल्या गादीवर बसून एसीशी बोलायचा.

"आई, आज उशीर झाला गं."

आतून गुळगुळ आवाज यायचा. दाराबाहेर तिच्या अंगावर काटा यायचा.

साफसफाईचं नाव काढलं की तो भडकायचा. "आईचं तेवढंच उरलंय. कोणी हात लावायचा नाही." झोपायचाही तिथेच. तिने मात्र दोन वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं होतं. त्या वासासरशी तिला वाटायचं, आता हाक येणार आणि आपलं काहीतरी चुकलेलं निघणार.

एका रविवारी तो एसी चालू ठेवूनच केस कापायला गेला. ती चादर बदलायला खोलीत गेली, तर बामच्या वासात जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला होता. वरून चट् असा आवाज आला. सासूबाई चिडल्या, हेच आधी मनात आलं. पण पाय मेन बोर्डाकडे धावले. तिने एसीचा स्विच पाडला आणि मेकॅनिकला बोलावून घेतलं.

मेकॅनिकने टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री केली, मगच झाकण उघडलं.

"वहिनी, हे बघा. पाण्याची नळी तुंबलीय. पाणी मागे फिरून वायरीच्या जोडावर झिरपत होतं. गुळगुळही त्याचीच."

"आणि वास?"

"बाम जाळीवरच्या धुळीत मुरलाय. सगळं धुवावं लागेल."

"मग वास जाईल?"

"जाणारच की."

तिला हेच तर हवं होतं. तरी तोंडातून हो निघेना. "थांबा. ह्यांना येऊ दे."

नवरा आला आणि शिडी बघून दारातच थबकला. "कोणाला विचारून उघडलं?"

मेकॅनिकने काढलेला वायरीचा काळा, वितळलेला तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला. "तुम्ही ह्याच्याखाली झोपता."

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग स्वतःच जाळी काढून बाथरूममध्ये गेला. पाणी पडताच बामचा असा भपकारा घरभर उठला, की शिडीवरच्या मेकॅनिकनेही कोण आलं म्हणून वळून पाहिलं.

नवरा नळाखाली जाळी धरून हमसून हमसून रडत होता.

"बोलायची गं माझ्याशी."

"काय बोलायच्या?"

"काही नाही. नुसतं हं."

मेकॅनिकने वायर बदलली, नळी मोकळी केली, आणि पुन्हा जळका वास आला तर आधी मेन बंद करा, असं बजावून गेला. संध्याकाळी एसी लावला तेव्हा खोलीत नुसता गारवा होता. नवऱ्याने हळूच हाक मारली, "आई." एसी एकसुरात घरघरत राहिला.

तो उशी घेऊन बाहेर आला. "शेवटी तू होतीस तिच्याजवळ. काय म्हणाली?"

हे त्याने आजवर विचारलंच नव्हतं.

"मी म्हटलं, थंडी वाजतेय तर एसी बंद करते. तर म्हणाल्या, राहू दे, तो उन्हातून येईल."

तो आईच्या खोलीत गेला आणि एसी बंद करून आला.