राघूच्या अंगचा गोफ

मी एक जुना सुती गोफ आहे. हसू नका, मित्रांनो! दोन वेढे, पाठीवर एक गाठ आणि तिला जोडलेली लांब दोरी, एवढाच माझा देह. एक वेढा मानेभोवती बसतो, दुसरा पंखांमागून पोटाखाली. मला अंगात घालायचा तो एक पोपट. आज मी पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून आहे, पण एके काळी माझ्यावर एक जीव अवलंबून होता.

सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात आक्काताई आपल्या धाकट्या भावाकडे, आदगोंडाकडे राहत. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. भावाचं घर बघायचं आणि बस्तीतल्या, म्हणजे गावच्या जैन मंदिरातल्या, देवापुढच्या वाती वळायच्या, हा त्यांचा दिवस. आदगोंडानं एक नेम धरला होता. दर वर्षी तासगावच्या बाजारातून एक पोपट विकत घ्यायचा आणि अनंत चतुर्दशीला तो मोकळा सोडायचा. जीव सोडवल्याचं पुण्य! पण पाखरं विकणारे एका बाजूचे पंख कातरून ठेवतात, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. पहिल्याच वर्षी त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं, पोपट धपकन घरामागच्या परड्यात पडला आणि भिंतीवरच्या बोक्यानं त्याला उचलून नेलं. आदगोंडा म्हणाला, "नशीब त्येचं." आक्काताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी उपासाचं पारणंही केलं नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९४४ च्या चैत्रात, तो नवा पोपट घेऊन आला. आक्काताई उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहिल्या.

"आदगोंडा, पंख बघितलास का ह्येचा?"

"आक्का, देवापुढं बोललोय मी. चतुर्दशीला दार उघडणारच."

"उघड की! पर अवंदा बोक्याला न्हाई द्यायचा जीव. तवर मी ह्येला उडायला शिकवीन."

बोलून तर गेल्या, पण शिकवायचं कसं? शेजारचा कृष्णात नावाचा तरुण तेव्हा पलटणीतून रजेवर आला होता. तो एक अरुंद पट्टा घेऊन आला. "आक्काताई, ह्यो बांधा त्येच्या अंगाला आनि मागं दोरी लावा. लय मऊ चामडं हाय."

त्यांनी हात मागे घेतला. "चामडं? मेलेल्याचं कातडं जित्याच्या अंगावर? न्हाई रं बाबा, आमच्यात न्हाई चालायचं."

कृष्णात ओशाळला, पण जाता जाता लाखमोलाची गोष्ट सांगून गेला. "आमी खेचराला खोगीर घालतो, तर आदी चार दिस त्येला नुसतं हुंगायला देतो. भ्यालं की संपलं बगा."

त्याच दिवशी आक्काताईंनी वातींचा कापूस घेतला, सूत काढलं आणि तिपेडी वेणी घालून मला घडवलं. पंखाला टोचू नये म्हणून आतून एकही गाठ ठेवली नाही. माझा जन्म हा असा झाला.

आधी मला नुसतं पिंजऱ्यावर टांगलं. राघू मला बघून कोपऱ्यात दडायचा. मग माझ्याशेजारी लाल मिरची येऊ लागली. तो मिरची खायचा आणि जाता जाता मला एक चोच मारायचा. पावसाळा लागला, त्याची कातरलेली खुंटं गळली आणि नवी हिरवी पिसं फुटली. आता आक्काताई वेढ्यापलीकडे मिरची धरायच्या. मान आत घातल्याशिवाय ती मिळायची नाही. घालायचा की तो! पण दुसरा वेढा पोटाखाली आला की चिरकून पळायचा.

श्रावण सरत आला तशी त्यांना घाई झाली. एके दिवशी त्यांनी राघूला पंच्यात धरून मला जबरदस्तीनं चढवलं. काय ओरडला तो! त्यांचा अंगठा त्यानं रक्तबंबाळ केला. त्यानंतर सहा दिवस त्यांच्या हातचा दाणा घेतला नाही. "मीच भिवविलं गं बाई लेकराला," म्हणून त्या रडल्या, आणि मला पुन्हा पिंजऱ्यावर टांगून पहिल्यापासून सुरुवात केली.

भाद्रपदात एका सकाळी राघूनं आपणहून मान घातली आणि गाठ बसेपर्यंत उभा राहिला. मला धन्य धन्य वाटलं, मित्रांनो! पहिल्या दिवशी तो गोठ्याच्या छपरापर्यंत उडाला, नंतर चिंचेपर्यंत. दमून खाली यायचा, तेव्हा मी त्याला सावरायचो.

चतुर्दशी उजाडली. आदगोंडा बस्तीतून पांढऱ्या धोतरातच परड्यात आला. बोका भिंतीवर होताच. आक्काताईंनी राघूला मनगटावर घेतलं आणि माझी गाठ सोडली. राघू क्षणभर बसला, मग उडाला तो बोक्याच्या डोक्यावरून, चिंचेवरून, थेट नदीपलीकडे.

आदगोंडानं आक्काताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "आक्का, पुण्य म्हणून मागल्या साली जीव घेतला गं मी!" आक्काताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत लोंबत होतो आणि राघू परत आला. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच माझ्या वेढ्यात मान घातली. समोर आक्काताई उभ्या होत्या. भाऊ बाहेर गेला की घरात बोलायला त्यांना दुसरं होतं कोण? नुसती गाठ मारायची होती. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं.

त्यांचे हात गाठीपर्यंत आले. मग त्यांनी हळूच मला त्याच्या मानेतून काढलं, पेटीत घातलं आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवशी मिरची दिली नाही. तीन दिवस राघू चिंचेवरून हाका मारत राहिला आणि तीन दिवस त्या कानांवर हात ठेवून आत बसून राहिल्या. चौथ्या दिवशी तो आला नाही. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, मला छातीशी धरलं आणि पोटभर रडल्या.

त्यानंतर आदगोंडानं पाखरं विकत घेणं सोडलं. मीही पुन्हा कुणाच्या अंगावर चढलो नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पाखरू सोडायचं असेल तर दार उघडण्याआधी त्याचे पंख बघा. आणि तुमच्या हातानं उडायला शिकलेलं पाखरू परत येऊन मान पुढे करील, तेव्हा माझ्या आक्काताईंना आठवा.