भुजंग कंडक्टरचा अंगठा

जालना–पिंपळगाव रेणुकाई गाडीवर भुजंग साळवे कंडक्टर असला की प्रवासी निर्धास्त असायचे. गर्दी कितीही असो, केदारखेडा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं झालेली असायची. तिकिटाला भोक पाडायच्या त्याच्या पंचाची टिकटिक मागच्या बाकापर्यंत ऐकू जायची.

पन्नाशी उलटली आणि त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. भुजंगने कुणाला सांगितलं नाही. पंच तळहाताने दाबायचा, तिकीट बोटांच्या चिमटीत धरायचं, अंगठ्याला लांबच ठेवायचं, असं त्याने दोनेक वर्षं रेटलं. अठ्ठ्याण्णव साली एका सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली, तेव्हा बायकोने, नंदाबाईने, त्याला धरून जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

"सांधा झिजलाय," डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघून म्हणाले. "झीज भरून येणार नाही, पण दुखणं कमी करता येईल."

गोळ्या आणि मलमाने आठवड्याभरात कळ थांबली. भुजंग खूश झाला. शनिवारच्या गर्दीत त्याने कितीतरी दिवसांनी पंच अंगठ्याने दाबला. तिकिटावर नुसता वळ उठला. पुन्हा दाबला, तर पंच निसटून लोकांच्या पायांत पडला.

रोजच्या प्रवासी चांगुणाबाई यांनी तो उचलून दिला. "मास्तर, दुखून राह्यलं का?"

"न्हाई ना! बिलकुल दुखत न्हाई. पण जोरच लागंना."

त्या दिवशी भोकरदन आलं तरी तिकिटं फाडणं चालूच होतं. भुजंगला लाज वाटली, आणि रागही आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला व्यायामाच्या खोलीत शिवकन्याकडे पाठवलं. तरुण पोरगी, पण बोलणं ठाम.

"काका, दोन वर्षं तुम्ही ह्या अंगठ्याला सुट्टी दिली. दुखणं थांबलं म्हणून तो लगेच ड्यूटीवर येईल का?"

"मंग गोळी कशाला खाल्ली मी?"

"गोळीनं दुखणं कमी होतं. त्यामुळं तुम्हाला व्यायाम करता येईल. जोर मात्र हळूहळू तुम्हालाच आणावा लागंल."

तिने त्याला कोमट पाण्यात हात शेकायला सांगितलं. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, मऊ गोळा हळूच दाबायचा, कळ वाढली की थांबायचं. शेवटी पंच हातात घेऊन ती म्हणाली, "ही मूठ फार बारीक आहे. बारीक वस्तू आवळून धरावी लागते, सांध्यावर ताण येतो. जाड करून घ्या."

भुजंगने मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. घरी मऊ गोळा म्हणून नंदाबाईने कणकेचा उंडा पुढ्यात ठेवला. दोन दिवस तिने बघितलं, मग परातच सरकवली. "नुसतं दाबून काय राह्यले? मळूनच द्या की बराबर."

ड्रायव्हर कचरूला हे कळलं आणि तो गाडीत सगळ्यांना सांगत सुटला. भुजंग हसून म्हणाला, "माझ्या हातच्या पोळ्या खाऊन बघ, मंग बोल."

थंडी पडली तशी अंगठ्यात थोडी कळ परत आली. एकदा तिकिटं फाडता फाडता भुजंग घाबरून थांबला, अंगठा सावकाश फिरवून पाहिला आणि पंच दाबला. तिकिटाला गोल, स्वच्छ भोक पडलं. कळ होती, तरी हात चालत होता. तो जोरात हसला, तसं समोरचं पोर दचकून आईला बिलगलं.

पुढच्या नवरात्रात रेणुकाईला जाणाऱ्यांनी गाडी खच्चून भरली होती. केदारखेडा यायच्या आत मागच्या बाकापर्यंत तिकिटं झाली होती. तिथे कडूबा नावाचे म्हातारे सुजलेल्या बोटांनी तिकीट घेत पुटपुटले, "आमचं काय आता, हात गेल्यातच जमा."

भुजंग त्यांच्या शेजारी टेकला. "कोण म्हणतं? सोमवारी ह्याच गाडीनं जालन्याला चला, मी घेऊन जातो. दुखण्यावर गोळी देतील ते. पण गोळी खाऊन बसायचं न्हाई, बाबा. तिथून तर काम सुरू होतं."

केदारखेड्याला गाडी थांबून चढउतार झाली, तसं उठून त्याने घंटीची दोरी ओढली आणि कचरूने गाडी भोकरदनच्या दिशेने सोडली.