चोवीस इंची फ्रेम

मित्रांनो, मी वयाने जुनी आणि अंगाने उंच अशी एक सायकल आहे. माझी फ्रेम चोवीस इंची. म्हणजे पायडलच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या टोकापर्यंत मी चोवीस इंच भरते.

राजरत्न माझे पहिले मालक. ते कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कामाला होते. उंची सहा फूट दोन इंच. ते बसले की मी त्यांच्याच मापाने घडवल्यासारखी वाटे. दर रविवारी ते मला पुसून तेल घालत. आमची तीस वर्षे सुखात गेली.

ते वारल्यावर त्यांची मुलगी दीपिका मला चालवू लागली. ती लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायची. तिने माझी सीट पार खाली केली, तरी तिचे पाय पायडलला जेमतेम पोचत. कंबर हेलकावे खाई, पाठ दुखे. आई म्हणायची, "अगं, दुसरी घे." दीपिका म्हणायची, "पप्पांची आहे. मी हीच चालवणार."

एका सकाळी लालबागच्या सिग्नलला तिने अचानक ब्रेक दाबला. पाय जमिनीला टेकलाच नाही आणि आम्ही दोघी आडव्या झालो. तिचा गुडघा सोलवटला. नमुन्यांच्या पेटीतली कमलाबाई नावाच्या पेशंटच्या रक्ताची नळी फुटली. ती मान खाली घालून परत त्यांच्या खोलीवर गेली.

"रगात काय गो, परत भरतला," दुसरा हात पुढे करत कमलाबाई म्हणाल्या. "पाय मोडलो असतो तर?"

संध्याकाळी दीपिका मला प्रभादेवीला हेमचंद्रकाकांच्या सायकलच्या दुकानात घेऊन गेली. काकांनी तिला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर धरायला सांगितलं आणि पुस्तकापासून जमिनीपर्यंत टेप लावली.

"शहात्तर सेंटिमीटर. आणि हिचा आडवा दांडा आहे शहाऐंशीवर! उभी राहिलीस की दांडा या पुस्तकाच्या जागेपासून दोन बोटं खाली राहायला हवा."

"मग कापून लहान करा ना."

"सीट वरखाली होते, हँडल बदलता येतं. फ्रेमचं तसं नाही, पोरी. सायकलही चांगली, तूही चांगली. माप जुळत नाही, एवढंच."

इतके दिवस मला वाटे, माझ्यातच काही खोट आहे. ते ऐकून मन हलकं झालं.

त्यानंतर आठवडाभर मी चाळीच्या जिन्याखाली धूळ खात होते. मग दीपिका लॅबमधल्या अजितला घेऊन आली. अजित ताडमाड उंच. त्याच्या छोट्या सायकलवर त्याचे गुडघे हँडलला आपटत. तिने त्यालाही भिंतीशी उभं केलं, पुस्तक धरायला लावलं आणि स्वतः टेप लावली.

"एकोणनव्वद!" ती ओरडली. मग टेप गुंडाळत म्हणाली, "पप्पांची सायकल नेशील?"

"आणि तू काय करशील?"

"मी अठरा इंची बघून आलेय. तू फक्त हिला रविवारी तेल घाल रे."

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू जरूर जपा. पण ती आपल्या मापाची नसेल, तर हट्टाने धरून ठेवू नका. पुसून, तेल घालून, ज्याला बसेल त्याच्या हाती द्या. अडगळीत आम्हाला फार एकटं वाटतं. आता मी अजितबरोबर रोज परळहून गिरगावला जाते आणि उतारावर अजून मस्त पळते.